शिशाच्या डब्यावरचा आकडा

पहाटे रेडिओफार्मसीची गाडी येते. शिशाच्या प्रत्येक डब्यात एक सिरिंज असते आणि डब्यावर चिठ्ठी: टेक्नेशियम-९९एम, २५ मिलिक्युरी, सकाळी आठ. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे. आठला २५ असलेले दुपारी दोनला साडेबारा उरते, रात्री आठला सव्वासहा. म्हणून आमच्या कामात आकडा आणि वेळ जोडीनेच लिहावी लागते. टोचण्याआधी मी सिरिंज मापकात उतरवते, चिठ्ठीशी ताडून पाहते, रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घेते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकताना वेळ, अंतर आणि आडोसा हे तीन शब्द अंगवळणी पडले होते. किरणोत्सर्गाजवळ थोडा वेळ थांबा, होईल तितके लांब राहा, मध्ये शिसे ठेवा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचे काम करायला लागल्यावर त्यात चौथा शब्द घालावासा वाटू लागला. तो शब्द म्हणजे सांगणे.

हाडांच्या स्कॅनसाठी आलेल्या एका वृद्ध सैनिकाने तो मला शिकवला. डबा उघडताना त्यांनी विचारले, "यात किती आहे?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून मागितला. तरुणपणी ते नेवाडाच्या वाळवंटात खंदकात बसून अणुस्फोट पाहणाऱ्या तुकडीत होते. म्हणाले, "तेव्हा आम्ही विचारलं नाही. नंतर विचारलं, तेव्हा कागद नव्हते."

त्यांच्या दुसऱ्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १९४६ ते १९६२ या काळात अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बेटांवर आणि नेवाडात जमिनीवर, पाण्यात, हवेत अणुचाचण्या केल्या. त्यांत दोन लाखांहून अधिक सैनिक सहभागी झाले. त्यांना गुप्ततेने बांधून घेतले होते. जे पाहिले ते बायकोला सांगायचे नाही आणि आजारी पडल्यावर डॉक्टरलाही नाही. हे बंधन काढणारा कायदा १९९६ मध्ये झाला. सर्वांच्या छातीवर मात्रा मोजणारा फिल्म बॅज नव्हता. त्यात जुलै १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० दरम्यान सेवा संपलेल्या भूदलाच्या सैनिकांचे सुमारे ८० टक्के सेवा-अभिलेख जळाले. आपण तिथे होतो हेच सिद्ध करणे अनेकांना अवघड झाले.

माझा विभाग या इतिहासाबाहेरचा नाही. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत किरणोत्सर्गी समस्थानिकांचा कार्यक्रम १९४७ मध्ये सुरू झाला. किरणोत्सर्गाच्या मानवी प्रयोगांची चौकशी करणाऱ्या अध्यक्षीय समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला. पुढे सैनिकांचे दावे येतील या धास्तीने एक 'अणुवैद्यक' विभाग गोपनीय ठेवावा आणि समस्थानिकांचा कार्यक्रम तेवढा जाहीर करावा, असे त्या आरंभीच्या काळात ठरले होते, ही नोंद त्यात आहे. आजार शोधणारी विद्या आणि आजारांचे दावे दूर ठेवण्याची काळजी, दोन्ही एकाच घरात वाढल्या.

त्याच घरात रोझालिन यालो होत्या. १९४७ मध्ये ब्राँक्सच्या माजी सैनिक रुग्णालयात त्यांनी सफाईचे सामान ठेवायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. पुढे सॉलोमन बर्सन यांच्यासोबत त्यांनी रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत शोधली. रक्तातल्या इन्सुलिनसारख्या अत्यंत सूक्ष्म प्रमाणातल्या संप्रेरकाचे मोजमाप त्यामुळे शक्य झाले. दोघांनी पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले, यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. ज्या संस्थेत मोजण्याची विद्या अशी बहरली, तिथे आलेल्या हजारो सैनिकांना स्वतःच्या शरीराचा आकडा मात्र ठाऊक नव्हता. ही विसंगती माझ्या मनातून जात नाही.

आता प्रामाणिकपणे मांडायची अडचण. नेवाडात ऑगस्ट १९५७ मध्ये झालेल्या 'स्मोकी' स्फोटात सहभागी ३,२२४ जणांची पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. अपेक्षा साधारण साडेतीन रक्तकर्करोगांची होती, प्रत्यक्षात नऊ आढळले. आकडा हादरवणारा आहे, पण तो एकाच स्फोटाचा. सरकारी हिशेबानुसार चाचण्यांतल्या सैनिकांची सरासरी मात्रा, म्हणजे शरीराला पोचलेला किरणोत्सर्ग, सहा मिलिसिव्हर्टच्या आसपास होती. तो हिशेब मागाहून मांडलेला आहे आणि त्यातली वरची मर्यादा अनेकदा कमी धरली गेली, असे २००३ च्या तज्ज्ञ-परीक्षणाने दाखवले. तरीही सरासरी ढोबळमानाने खरी धरली, तर हृदयाच्या एका तपासणीत मी रुग्णाला त्याहून जास्त, सुमारे १० मिलिसिव्हर्ट देते. मग तक्रार कशाची?

माझे उत्तर इथेच सुरू होते. माझ्या रुग्णाला त्या मात्रेच्या बदल्यात हृदयाला रक्त कुठे कमी पडते हे कळते. त्याला कारण सांगितलेले असते, तो नको म्हणू शकतो, देणाऱ्याची सही असते. खंदकातल्या मुलाला यातले काहीच नव्हते. तीच मात्रा एका ठिकाणी औषध ठरते, दुसऱ्या ठिकाणी अन्याय. हा फरक भौतिकशास्त्रातून येत नाही. तो संमतीतून आणि हिशेबातून येतो. हिशेब न ठेवणाऱ्याला पुढे अंदाजाने भरपाई करावी लागते. १९८८ च्या कायद्याने या सैनिकांना १३ प्रकारच्या कर्करोगांसाठी मात्रा सिद्ध करण्याच्या अटीतून सोडवले, कारण सिद्ध करायला कागदच नव्हते. व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांचेही तसेच झाले. १९६२ ते १९७१ दरम्यान तिथल्या जंगलांवर एजंट ऑरेंज आणि इतर तणनाशके फवारली गेली. कुणाच्या अंगावर किती पडले हे कुणी मोजले नाही. आज प्रोस्टेटचा कर्करोग, हृदयविकार, पार्किन्सन्स हे आजार त्या सेवेशी जोडलेले गृहीत धरतात. हे तिन्ही मी रोज कॅमेऱ्याखाली पाहते.

आणि आम्ही? आम्ही मात्रा काटेकोर मोजतो, नोंदवतो, तपासनिसाला दाखवतो. रुग्णाच्या हाती मात्र ती सहसा देत नाही. घरी जाताना त्याला पाणी भरपूर पिण्याची सूचना मिळते, आकडा मिळत नाही. नोंद त्याच्या शरीराची, पण ठेवायची आमच्या फायलीत. ही सवय त्या जुन्या गुप्ततेइतकी वाईट नाही हे मला मान्य आहे. पण ती तिच्या नात्यातली आहे. म्हणून माझे म्हणणे साधे आहे: प्रत्येक तपासणीनंतर, न मागता, रुग्णाला एक कागद मिळावा. त्यावर तारीख, औषध, मात्रा आणि एका ओळीची तुलना असावी. हाडांच्या स्कॅनची मात्रा चार-पाच मिलिसिव्हर्ट. अमेरिकेत जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी सुमारे तीन मिलिसिव्हर्ट मिळतातच.

सहकाऱ्यांचा आक्षेप असा की आकड्याने माणूस घाबरतो, नको ती शंका काढतो, आवश्यक तपासणी टाळतो. ही भीती खोटी नाही. छातीत कळ येणाऱ्याने किरणांच्या धास्तीने तपासणी टाळली, तर जीव जाऊ शकतो. पण तुलनेसह आणि समोर बसून सांगितलेल्या आकड्याने माणूस कमी घाबरतो, असा माझा अनुभव आहे. खरे घाबरवते ती लपवाछपवी. आणि ज्याला एकदा सांगितले नव्हते, त्याच्याशी बोलताना 'तुम्हाला कळणार नाही' हा पवित्रा घेण्याचा अधिकार या रुग्णालयांनी केव्हाच गमावला आहे.

दुसरा आक्षेप असा की नोंद फायलीत असताना कागद कशाला? फिलाडेल्फियाच्या माजी सैनिक रुग्णालयात २००२ ते २००८ दरम्यान प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोत्सर्गी बिया बसवताना अनेक रुग्णांची मात्रा चुकली. संगणकाची जोडणी बिघडल्यामुळे उपचारानंतरची मात्रा वर्षभर मोजलीच गेली नाही, तरी उपचार चालू राहिले. अणुनियामक आयोगाने २०१० मध्ये २,२७,५०० डॉलरचा दंड केला. उपचारानंतर 'तुमची मात्रा इतकी' असा कागद प्रत्येकाला देणे बंधनकारक असते, तर मोजणी थांबल्याचे पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारले असते. आकडा रुग्णाकडे गेला की त्यावर आणखी एक डोळा राहतो, आणि त्या डोळ्याला सगळ्यात जास्त गरज असते.

इंजेक्शननंतर हाडांच्या स्कॅनला तीनएक तास थांबावे लागते. त्या सैनिकाने तेवढा वेळ तो कागद हातात धरला होता. स्कॅन झाल्यावर त्यांनी माझ्याकडून त्यावर तारीख आणि सही घेतली आणि तो पाकिटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या २५ मिलिक्युरीचा सोळावा हिस्साही त्यांच्या शरीरात उरला नसेल. कागद राहिला असेल. तेव्हापासून मी तो प्रत्येकाला लिहून देते. लिहायला दोन मिनिटे लागतात.