निग्रहाची हद्द

ज्याच्या देहाला वैद्याने निरोगीपणाचा दाखला दिला आहे, ज्याची साखर, रक्तदाब आणि झोप ही तिन्ही आपापल्या जागी आहेत, अशा माणसाने केवळ दोन-तीन किलो वजन उतरत नाही एवढ्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःशी भांडत राहावे, हा विषय आरोग्याच्या सदरात मोडतो असे आपण धरून चालतो, आणि तसे धरल्यामुळेच त्याच्या मुळाशी असलेला धर्माचा प्रश्न आपल्या नजरेतून निसटतो. वैद्याचे काम जिथे संपले तिथेच हा झगडा सुरू होतो. सबब त्याचा निवाडा वैद्यकाकडे मागून मिळणारा नाही. नियम, निग्रह, मोह, प्रायश्चित्त ही साधनेची सारी सामग्री या झगड्यात हजर असते. मात्र हा निग्रह कोणासाठी आणि कुठवर, हे ज्या प्रश्नांवाचून कोणतीही साधना उभी राहत नाही ते दोन प्रश्न येथे कोणी विचारलेलेच नसतात.

आमच्या परिचयातील एक गृहिणी आहेत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, उंची 157 सेंटिमीटर, वजन 55 किलो. पहाटे टेकडी चढून येतात, दिवसभर घरचे आणि शाळेचे काम उरकतात, एकादशी आणि संकष्टी कधी चुकवत नाहीत. त्यांना वजन 52 हवे आहे. श्रावणात एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला आम्ही एकत्र होतो. सव्वाच्या मापाने केलेला शिरा, त्यात केळ्याचे तुकडे, वर तुळशीचे पान. वाफ अजून निघत होती आणि तुपाने द्रोण आतून चकाकू लागला होता. त्यांनी द्रोण कपाळाला लावला, बोटाच्या टोकाने एक कण जिभेवर ठेवला आणि उरलेला प्रसाद शेजारी बसलेल्या पतीच्या हाती दिला. घरच्या वृद्ध काकूंनी ते पाहिले. "अगं, प्रसादाला नाही म्हणू नये," त्या म्हणाल्या. "नाही कुठे म्हटलं, काकू? घेतला की कणभर. गेल्या आठवड्यात कसंबसं अर्धा किलो उतरलंय हो."

कणभर प्रसाद हाही पूर्ण प्रसादच असतो, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते आणि काकूंनाही ते कबूल करावे लागले. परंतु आरती होऊन गेली, देवासमोर समई तेवत होती, आणि एका श्रद्धाळू, सुशील स्त्रीचे सारे चित्त त्या घटकेला अर्ध्या किलोच्या रक्षणात गुंतलेले होते, ही गोष्ट मला फार लागली. एकादशीचा संकल्प त्या विठ्ठलाच्या नावाने सोडतात; पण त्या उपवासाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यापुढे मांडला जातो. एकाच उपवासाला असे दोन मालक झाले की त्यांतला अधिक बोलका तगादा लावतो, आणि विठ्ठल तर कधीच तगादा लावत नाही.

हा 52 चा आकडा आला कोठून? वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचा जो हिशेब आज प्रत्येक दवाखान्यात मांडला जातो, तो अडॉल्फ केटले या बेल्जियन ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढला. त्याला मानवसमूहाच्या सरासरीचा शोध घ्यायचा होता, एखाद्या व्यक्तीच्या देहाचा फैसला करायचा नव्हता. पुढे 1972 मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले. हे ढोबळ मापसुद्धा एका आकड्यावर बोट ठेवीत नाही. 18.5 पासून 25 पर्यंत, आणि भारतीयांसाठी अधिक कडक हद्द धरली तर 23 पर्यंत, असा विस्तृत पट्टा ते मोकळा सोडते. 157 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला या कडक हिशेबानेही सुमारे 46 ते 56 किलो एवढी मोकळीक मिळते. म्हणजे विज्ञानाने 52 चा हुकूम कधी काढलाच नव्हता. रेल्वे स्थानकावरच्या जुन्या यंत्रात नाणे टाकले की पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर पडे, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले असे. आजच्या काट्यावर भविष्याची बाजू उरलेली नाही, परंतु वजनाचा आकडाच भविष्यासारखा वाचण्याची सवय मात्र कायम आहे.

त्या बाईंना मी पुढे एकदा विचारले, तेव्हा उत्तर सरळ मिळाले. लग्नात त्यांचे वजन 52 होते. शालूचा पदर धरून उभ्या असलेल्या त्या मुलीचे छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मला वाटते, या प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्या तीन किलोंशी हा झगडा चालला आहे ते मेदाचे नाहीत, ते काळाचे आहेत. दोन बाळंतपणे, वडीलधाऱ्यांची दुखणी, रात्रीची जागरणे, संसाराच्या पंचवीस-तीस वर्षांत देहाने जे जे सोसले आणि सांभाळले, त्याची खूण म्हणून ते तिथे आहेत. बालपण, तारुण्य आणि जरा या अवस्था देहाला क्रमाने येतात आणि धीर पुरुष त्यात मोहित होत नाही, हे गीतेने उपदेशाच्या आरंभीच, दुसऱ्या अध्यायात, अगदी सहज सांगून टाकले आहे. हे वचन आपण मृत्यूच्या प्रसंगी आठवतो, अंत्यविधीनंतर पठणात ऐकतो. परंतु ज्या सकाळी कपाटातले जुने पोलके दंडाला घट्ट होते त्या सकाळी ते आठवणे अधिक कठीण आहे, आणि कदाचित अधिक उपयोगाचे आहे.

देहाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तो बिचारा या मामल्यात नेहमी आरोपी म्हणूनच उभा केला जातो. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. मेदपेशी ते रक्तात सोडतात आणि मेंदू त्यावरून शिलकीचा अंदाज घेतो. मेद उतरू लागला की लेप्टिन घटते, भूक वाढते आणि शरीर खर्चात काटकसर सुरू करते. तेच चालणे, तेच बसणे कमी इंधनात होऊ लागते. म्हणून पहिले पाच किलो ज्या नियमाने उतरले, त्याच नियमाने शेवटचे तीन उतरत नाहीत. शिवाय स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, त्यामुळे दोन दिवसांच्या कडक नियमाने काटा खाली जातो आणि एका पुरणपोळीच्या जेवणाने वर येतो; त्यात पुण्य किंवा पाप काहीच घडलेले नसते. ज्याला आपण देहाची अवज्ञा समजतो, ती दुष्काळांनी शिकवलेली राखण आहे.

आणि ही राखण मोडू पाहणाऱ्या मनाचे काय होते, हे याच कीजने मिनेसोटा विद्यापीठात तपशीलवार पाहून ठेवले आहे. 1944 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या त्या प्रयोगात युद्धाला सदसद्विवेकाने नकार देणारे 36 निरोगी तरुण स्वेच्छेने सामील झाले. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण देहाहून अधिक बदलले ते मन. हे सुशिक्षित, ध्येयवादी तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, पदार्थांच्या कृती जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास लांबवू लागले, ताट चाटू लागले. ज्या तत्त्वासाठी ते आले होते त्याचीही गोडी त्यांच्यातल्या अनेकांना उरली नाही. आमच्या गृहिणीचा उपवास त्या मानाने फारच सौम्य, परंतु जात एकच. निराहारी माणसापासून विषय दूर होतात, रस मात्र मागे राहतो, हे गीतेने दुसऱ्या अध्यायात सांगितले, आणि कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले. अन्न टाळण्यासाठी दिवसभर अन्नाचाच विचार करावा लागत असेल, तर तो निग्रह रसनेला जिंकतो की तिला सिंहासनावर बसवतो?

सतराव्या अध्यायातील तपाची चर्चा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. शारीर तप म्हणजे काय, हे सांगताना गीता देव, द्विज, गुरू आणि प्राज्ञ यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा यांची नावे घेते. उपाशी राहणे त्या यादीत नाही. सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेले तप राजस, आणि त्याचे फळ अस्थिर, न टिकणारे, असेही तिथेच म्हटले आहे. काट्यावरचे यश चार महिन्यांत कसे परत जाते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. पण सर्वांत कठोर वचन त्याच अध्यायाच्या आरंभी आहे: अहंकाराने आणि कामनेच्या बळाने देहातील भूतांना कृश करणारे लोक त्या देहात वसणाऱ्या मलाही कृश करतात, असे भगवान म्हणतात. पंधराव्या अध्यायात प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन अन्न पचवणारा मीच, असे त्यांनी आधीच सांगितलेले असते. दोन्ही वचने शेजारी ठेवली की निरोगी देहाची खरी भूक ही कोणाची हाक आहे, याबद्दल श्रद्धाळू माणसाला फारसा संशय उरू नये.

शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायातील युक्ताहाराचे विवरण केले, तेव्हा जिभेच्या अंकित झालेल्या माणसाला योगाचा अधिकार नाही हे सांगून ते थांबले नाहीत. भूक आणि तहान यांना आग्रहाने कोंडून ठेवणाऱ्यालाही त्यांनी तोच निकाल ऐकवला, आणि अशा माणसाचे शरीरच जर त्याचे राहत नाही तर योग कोणाचा, असे विचारले. आपण पहिला अर्धा निकाल लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

यावर असे म्हटले जाईल की आमची परंपराच उपवासाची आहे. जैनांनी अनशनाबरोबर ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे, हेही तप मानले, वारकऱ्यांची एकादशी आहे, महात्माजींचे उपवास तर अवघ्या राष्ट्राने पाहिले. हे सारे खरे आहे. पण त्या उपवासांत देह हळूहळू लक्षातून उतरत जातो, आणि या उपवासात तो क्षणभरही लक्षातून उतरत नाही. (मधुमेह दाराशी उभा असताना वैद्याने सांगितलेले पथ्य हा निराळा विषय; ते पाळणे कर्तव्यच आहे.) परंपरेचाच दाखला हवा असेल तर मी सिद्धार्थ गौतमाचा देईन. उरुवेलेच्या वनात सहा वर्षांच्या तपाने अस्थिपंजर झाल्यावर त्याने सुजातेची खीर स्वीकारली, तेव्हा बरोबरच्या पाच तपस्व्यांनी, हा सुखाला भुलला, असे म्हणून त्याला सोडले. उपाशी राहण्याला धैर्य लागते हे सर्वांना दिसते. तो खिरीचा वाडगा हाती घेताना सहा वर्षांची कीर्ती आणि सोबती एकदम गमवावे लागले, त्याला किती धैर्य लागले असेल याचा विचार क्वचितच होतो. पुढे मध्यममार्गाचा पहिला उपदेश सारनाथला त्याने त्याच पाच जणांना केला.

चरकाने आहार योग्य मात्रेत झाल्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत पोटाला दडपण नसणे आणि भूक-तहान शमणे यांच्याबरोबर उठणे, बसणे, चालणे, श्वास घेणे, हसणे आणि गप्पा करणे सुखाने होणे यांचाही समावेश आहे. हसणे आणि गप्पा! जेवणानंतर माणूस मनमोकळे हसू शकतो का, ही कसोटी ज्या वैद्यकाला सुचली त्याने देहाकडे प्रेमाने पाहिले होते.

आपल्या धर्मशास्त्राने तर उपवासाइतकेच बंधन पारण्यालाही घातले आहे. भागवतातील अंबरीष राजा एकादशीचे व्रत करून बसला होता, अतिथी दुर्वास स्नानाहून परतत नव्हते आणि द्वादशी सरत आली होती. अतिथीआधी जेवणे दोषाचे आणि द्वादशी टळू देणे हेही दोषाचे, म्हणून ब्राह्मणांना विचारून त्याने नुसते पाणी प्राशन केले आणि पारणे साधले. वेळेवर न सोडलेला उपवास व्रताला उणेपणा आणतो, म्हणून एवढी धडपड. शेवटच्या तीन किलोंसाठी चाललेल्या उपवासाला मात्र कोणी तिथीच नेमून दिलेली नाही. 52 वर काटा आला की 50 ची इच्छा होणार नाही, याची हमी कोण देणार? म्हणून ज्याचा देह निरोगी आहे त्याने या व्रताचे पारणे एखाद्या आकड्यावर न सोपवता येत्या द्वादशीलाच करावे, घरच्या माणसांच्या पंक्तीला बसून, पूर्ण ताटाने, असे मला मनापासून वाटते.