हेगचा धुरा

आमच्या धारणीकडे वावरात जायच्या वाटेवरून भांडण जुंपले की तहसीलदार धुऱ्यावर येतो, पंचनामा होतो आणि मागे पोलिस उभा असतो. म्हणून वाट मोकळी होते. पण दोन देशच धुऱ्यावरून भांडले तर?

तसा खटला खरोखरच झाला. 1954 साली दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत आपले सुधीर फडकेही होते. पोर्तुगाल 1955 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला : दमणहून तिकडे जायला भारताच्या वावरातून वाट हवी! मोठमोठे वकील पांदणीवर बोलले. 1960 साली निकाल लागला. वऱ्हाडीत सांगायचे तर, "मानसं ने, माल ने, पन बंदुका नेऊ नोको." भारताने वाट अडवली त्यातही काही गैर ठरले नाही.

निकाल आम्हांला फार पटला. पुढल्याच वर्षी गोव्यासाठी आपण हेगला न विचारता सैन्य धाडले. तेही पटले! कायदा शेजाऱ्याला हवा, आपल्याला थोडी सवड हवी.

मग हेग निकामीच का? छे! धारणीत तरी रोज पोलिस कोण आणतो? वाट अडवणाऱ्याला उद्या बाजारात तोंड दाखवायचे असते, परवा त्याचीच गाडी कुणाच्या तरी धुऱ्यावर अडायची असते. तिकडची हुकूमशाही कोसळल्यावर पोर्तुगालनेही 1974 साली गोवा भारताचा, असे लिहून दिले. माणूस निदान गाव तरी सोडू शकतो. देशांना ती सोय नाही.