मदत आणि मुखत्यारी

स्वावलंबन हा शब्द आम्हां सातारकरांना शिकवावा लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद केले. तेव्हापासून पाट्या-वरवंट्यासारखा तो आमच्या रोजच्या वापरात आहे. आपले काम आपल्या हाताने करावे, एवढा त्याचा सरळ अर्थ. मीही तो साठ वर्षे निःशंकपणे वापरला. मला प्रथम अडखळवले ते माझ्या आत्याने.

आत्या सांगलीची. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय नेले. तरी ती शिकली, कचेरीत नोकरी केली आणि आजी गेल्यावर त्याच घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे कशी? सकाळी साडेसहाला एक बाई येऊन तिला उठवी, न्हाऊ घाली. रात्री पुन्हा येऊन निजवी. ओट्याच्या पायऱ्यांवर गवंड्याकडून उतार करून घेतला होता. बाजाराच्या दिवशी ठरलेला रिक्षावाला दारात उभा असे. त्याला उशीर झाला की ती त्याला फैलावर घेई.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. शेजाऱ्यांनी आत्याला खुर्चीसकट उचलून होडीत बसवले. मी धावत गेलो आणि तिला साताऱ्यास घेऊन आलो. आता एकटे राहायचे नाही, असे बजावले. विचारले मात्र नाही.

आमच्या घरी तिला काय कमी होते? सून हातात चहा देई, नातू पाय चेपी. पण दाराला पाच दगडी पायऱ्या. तिला बाहेर न्यायचे तर मी नाहीतर माझ्या मुलाने उचलायचे, आणि आम्हांला सवड रविवारी. हळूहळू तिने बाहेर जायचे नावच सोडले. मला वाटले, रुळली. मग एके दिवशी चहात साखर फार पडली आणि तिने तो मुकाट्याने पिऊन टाकला. सांगलीची आत्या असती तर कप परत गेला असता! मी छेडले तेव्हा म्हणाली, “अरे, पगार घेणाऱ्या बाईवर मला रागावता येतं. उपकार करणाऱ्यांवर कशी रागावू?”

भाऊरावांच्या वसतिगृहातली मुले आपली कामे आपण करीत, हे खरे; पण त्यांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. मग ती मुले परावलंबी ठरली काय? मदत घेतल्याने माणूस परावलंबी होत नाही. केव्हा उठावे, कोठे जावे, कोणाच्या हातचे घ्यावे, याची मुखत्यारी गेली म्हणजे होतो. आणि आत्याची ती मुखत्यारी मी मोठ्या प्रेमाने काढून घेतली होती.

सांगली जिल्ह्यातल्याच मुरलीकांत पेटकरांचे आपण कौतुक करतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेलेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. कौतुक करावेच. पण घराच्या पायऱ्या उतरायला कोणी सुवर्णपदक का मिळवावे?

आत्याजवळ पेन्शन होते म्हणून तिला बाई ठेवता आली. ज्याच्याजवळ ते नाही त्याचे काय? २०१६ च्या कायद्याचे ५ वे कलम म्हणते, की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. तिच्यावर अमुकच प्रकारे राहण्याची सक्ती नसावी आणि मदतनिसासारख्या सेवा तिला मिळाव्यात, यासाठी सरकारने झटावे. ‘झटावे’ हे क्रियापद सरकारला फार सोयीचे असते! तरीही त्या कलमातला मदतनीस उपकारकर्ता नाही, ही मोठी गोष्ट आहे.

“आणि पूर पुन्हा आला तर?” मी शेवटचा पत्ता टाकला.

“येईल की. शेजारी पुन्हा उचलतील. चार दिवसांच्या पाण्यासाठी जन्मभर उचलून घेऊ होय?”

संक्रांतीच्या आत ती सांगलीला परतली. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन, न कळवता, मी तिच्याकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “बाजारात गेल्यात. बसा की ओट्यावर.” मी डबा मांडीवर घेऊन बसलो. पाऊण तास झाला तरी रिक्षाचा पत्ता नव्हता.