टेन्शन आलं म्हणे!

"टेन्शन आलं जी उस्ताद, हातपायच चालले नाहीत." झालं सांगून? मग मान वर कर आणि आता माझं ऐक.

तू गादीवर हरला नाहीस. ड्रॉ लागला, त्याच्या नावापुढे कोल्हापूर वाचलंस, तिथंच हरलास. चेहरा असा उतरला की पुन्हा काट्यावर उभं केलं असतं तर किलोभर कमी भरला असतास. "थो कोल्हापूरचा आहे ना जी!" मग? कोल्हापूरच्या पोट्ट्याला चार हात असतात? वजनगट तोच, वय तेच, दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या त्यालाही तेवढ्याच. त्यानंही यादीत तुझ्यापुढे अमरावती वाचलं असेल. तो काऊन नाही पांढरा पडला?

"आपल्या वऱ्हाडात काय आहे" हे रडगाणं माझ्यापुढे लावू नको. ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळावरून तू रोज सायकल दामटत येतोस, ते 1914 सालचं आहे. 1936 मध्ये तिथलं पथक ऑलिम्पिकच्या निमित्तानं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. तुला पुणं गाठेपर्यंत घाम फुटतो. राहुल आवारे कुठला रे? बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. 2016 चं रिओ हुकलं त्याचं. घरी बसला? 2018 ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. पाटोद्यातून काय पंचगंगा वाहते?

टेन्शन येतंच. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, मांडी थरथरते. अंग लढायला तयार झाल्याची ती खूण आहे, आणि समोरच्यालाही तेच होत होतं. तू मात्र ते लपवायला श्वास कोंडलास, मुठी आवळल्यास, दात चावलेस. पहिल्याच मिनिटात हात भरून आले. आणि बाहेर येऊन म्हणतोस, दम पुरला नाही. दम? वडाळी तलावापर्यंत धावून वर गप्पा हाणणारा पोट्टा तू! दम होता. श्वास सोडायला विसरलास.

दुसऱ्या एखाद्याला मी म्हटलं असतं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तुझ्या आडात भरपूर आहे. तू पोहराच सोडत नाहीस. म्हणून तर जीव जळतो.

जोर सांगितले की दहा जास्त मारतोस. लोकांना दिसतात ना ते! पण पाच मिनिटं डोळे मिटून बस, पहिला हात कुठं घालायचा, पहिला गुण गेला तर लगेच काय करायचं, हे मनात घोळव म्हटलं की तुला हसू येतं. तुझं नाव पुकारेपर्यंत त्या दिवशी काय करत होतास? मोबाईलवर त्याच्याच कुस्त्या पाहत होतास. त्याही फक्त जिंकलेल्या. तो हरला ती एक तरी शोधलीस? त्याचा पुढचा पाय कधी उघडा पडतो ते पाहिलंस? नाही. भीती गोळा करत होतास, तीही स्वतःचा डेटा खर्चून.

आणि चार गुण गेल्यावर जे केलंस ना, ते मला सगळ्यात जास्त लागलं. सव्वा मिनिट बाकी होतं आणि तू घड्याळाकडे बघितलंस. कधी संपतं म्हणून. खरं की नाही? टोकियो ऑलिम्पिकला रवी दहिया उपांत्य फेरीत 2-9 असा मागे होता. समोरच्यानं दंडाला चावा घेतला. यानं पकड सोडली नाही, त्याला चीत करूनच उठला. रिओत साक्षी मलिक 0-5 मागे पडली आणि 8-5 नं कांस्य घेऊन आली. त्यांची छाती काय धडधडत नव्हती? मी सरावात तुला 0-5 वरून लढायला लावतो तेव्हा तू काय म्हणतोस? "असं खोटं खोटं काय लढायचं जी." तोच तुझा खरा सराव होता. तो तू हसण्यावारी नेलास.

पंचांनी अन्याय केला म्हणतोस. केला असेल. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांना एका लांबलेल्या कुस्तीनंतर विश्रांतीही न देता पुढच्या कुस्तीला उभं केलं. बाजू मांडायला जवळ कुणी नव्हतं. तरी कांस्य आणलं. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत दोन नामांकित मल्ल पंचांवर बिघडले. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली, निकाल तसूभर हलला नाही. तुला अजून मिसरूड फुटायचं आहे, आणि तू पाण्याची बाटली कोणावर भिरकावतोस?

चक्कर आली हे तर बोलूच नको. आठवडाभर कचोऱ्या हाणल्यास, शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडलंस. अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून टिनाच्या खोलीत उड्या मारल्यास. मे महिन्यात, अकोल्यात! मरायचं होतं का? मला विचारलंस? पॅरिसला विनेश फोगाटची अंतिम कुस्ती 100 ग्रॅमपायी गेली, तेही अख्खी तज्ज्ञ मंडळी हाताशी असताना. तुझं वाढीचं वय आहे. वरच्या गटात खेळून हरलास तर मी पाठ थोपटीन. हा मूर्खपणा पुन्हा दिसला तर आखाड्याचं दार बंद.

घरून "एवढा पैसा घातला" असं कानावर येतं, ठाऊक आहे मला. तुझ्या बाबांशी मी बोलतो, ते माझ्यावर सोड. रात्र-रात्र झोप लागत नसेल, घास जात नसेल, आखाड्यात पाय ठेवावासा वाटत नसेल, तर तो बहाणा मी म्हणणार नाही. सरळ येऊन सांग, मी स्वतः डॉक्टरकडे नेईन. पण तुझं ते दुखणं नाही. काल रात्री दीड वाजेपर्यंत ऑनलाइन होतास. हिरवा ठिपका मलाही दिसतो बाप्पा!

उद्या पाचला ये. वही आण. त्या कुस्तीत कोणत्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते लिहून आण. नुसतं "टेन्शन" लिहिलंस तर पान फाडून पुन्हा लिहायला लावीन. मग वरच्या वजनगटातला जोडीदार, गुण 0-5, हातात दीड मिनिट, आणि बाकीचे सगळे पोट्टे कडेनं तुझ्या नावानं बोंबलतील. पंच मी. शिट्टी मुद्दाम चुकीची वाजवीन. बघतो मग, बाटली कोणावर फेकतोस ते.