धर्मगुरूंविना टिकलेला धर्म

धर्मगुरू नाहीत, ग्रंथ हाताशी नाही, मूळ भूमीशी संबंध तुटलेला. अशा अवस्थेत कित्येक पिढ्या पाळला गेलेला धर्म तोच धर्म राहतो का? हा प्रश्न बंदरांच्या मुलखात विशेष तीव्रतेने उभा राहतो. समुद्र माणसांना त्यांच्या श्रद्धेसह आणून सोडतो आणि पुढे कधी कधी परतीची वाटच उरत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग ते कोर्लई या पट्ट्यात, या प्रश्नाची फार स्पष्ट उदाहरणे सापडतात.

या पट्ट्यातले चौल हे प्राचीन बंदर. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी इथे आला, तेव्हा बगदाद, बसरा, ओमानकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याला दिसली. त्यांचा कारभार पाहण्यासाठी हिंदू राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला आणि चर्चे उभारली. 1740 मध्ये हा भाग मराठ्यांकडे आला. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती मात्र तिथेच राहिली. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली ती अजून बोलते.

बेने इस्रायल या ज्यू समाजाची कहाणी याहून जुनी आणि अधिक अवघड आहे. परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचेच हे वंशज. ते गावोगाव विखुरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर अशी आडनावे त्यांनी घेतली. ‘शमा’ ही प्रार्थना, मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, एवढे त्यांच्यापाशी उरले होते. कोलंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या यांनी भरलेल्या किनाऱ्यावर हा नियम पाळणे किती कठीण असेल, याची कल्पना कोकणी माणसालाच येईल. दुसरीकडे, हनुका हा सण त्यांना ठाऊकच नव्हता. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन त्यांच्याकडे ‘बिरड्याचा सण’ झाला, कारण त्या वेळी वालाचे बिरडे खाल्ले जाई. पुढे दाविद रहाबी नावाच्या प्रवाशाने माशांच्या याच नियमावरून त्यांना ओळखले, असे परंपरा मानते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सिनेगॉग उभी राहू लागली. सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत 1796 मध्ये पहिले बांधले. अलिबाग आणि रेवदंड्यालाही पुढे ती झाली.

जपानमधल्या नागासाकीत याच प्रश्नाचे दुसरे, रक्तरंजित रूप दिसते. पोर्तुगीज व्यापारामुळे वाढलेल्या या बंदरात ख्रिस्ती धर्म रुजला. 1597 मध्ये तिथे 26 जणांना क्रुसावर चढवले गेले. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. 1614 च्या बंदीनंतर श्रद्धावंत लपून राहिले. पाद्री नसताना त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना तोंडी जपल्या. 1865 मध्ये उराकामीचे काही गावकरी ओउरा चर्चमध्ये आले आणि त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली. 1873 मध्ये बंदी उठल्यावर बरेचजण चर्चमध्ये परतले; काहींनी मात्र पूर्वजांची रीतच पुढे चालवली. दोन्ही किनाऱ्यांतला फरक महत्त्वाचा आहे. नागासाकीत लपल्याशिवाय जगता येत नव्हते. कोकणात शनिवारी घाणा थांबलेला सगळ्या गावाला दिसत होता आणि गावाला त्याची हरकत नव्हती.

धर्म म्हणजे नीट मांडलेला सिद्धांत असेल, तर या समाजांपाशी तो फारसा नव्हता. पण आठवड्यातल्या एका दिवसाची कमाई पिढ्यानपिढ्या सोडणे ही निव्वळ सवय म्हणता येत नाही. सवय तोट्याची झाली की सुटते. हे सुटले नाही. सिद्धांताची जाण पुसट झाली तरी निष्ठा आचारात जिवंत राहू शकते, ही गोष्ट या किनाऱ्याने दाखवली आहे.

असा जपलेला धर्म मूळचाच राहिला का, हा आक्षेपही पोकळ नव्हता. बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेल्यावर, 1960 च्या दशकाच्या आरंभी तिथल्या प्रमुख रब्बींनी त्यांच्या विवाहांबाबत पूर्वजांची चौकशी सुरू केली. ज्यांना धर्मशास्त्रातला घटस्फोटाचा विधी माहीत नव्हता, त्यांच्या वंशपरंपरेचे काय, हा शास्त्राच्या दृष्टीने खरा पेच होता. तरीही अपमान मोठा होता. समाजाने निदर्शने केली आणि 1964 मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. शास्त्राला संशय घेण्याचा अधिकार असेल. पण ज्यांनी शास्त्राच्या आधाराविना धर्म जपला, त्यांच्याकडेच पुरावा मागणे अन्यायाचे होते.

बेने इस्रायलांचा मलिद्याचा विधी या वादात आणखी एक पदर जोडतो. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रेषित एलियाहू हानबीचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या सागाव परिसरातल्या खडकावरून एलियाहूचा रथ स्वर्गाकडे गेला, अशी श्रद्धा आहे. नैवेद्य कोकणी, प्रार्थना हिब्रू आणि प्रेषित बायबलमधला. मलिदा जगातल्या इतर ज्यूंना अनोळखी असला, तरी त्यात दुसऱ्या कोणत्याही देवाचे नाव नाही. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही लग्नकार्यात आणि नवस फेडताना तो करतात.