‘माझ्यात काही नाही’ – ही नम्रता की भीती?



रविवारच्या मिस्सेत वाचनासाठी कोणी पुढे यावे म्हणून विचारणा झाली की आपल्यापैकी बरेच जण नजर खाली घालतात. “फादर, मला नाही जमायचे. दुसऱ्या कुणाला तरी सांगा.” भजनाचे तेच, मुलांच्या धर्मशिक्षणाचेही तेच. या माघार घेण्याला आपण नम्रता म्हणतो. नम्रता हा सद्गुण असल्यामुळे मनालाही बरे वाटते. पण आज आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. ‘माझ्यात काही नाही’ असे म्हणणे ही खरोखर नम्रता असते, की ती भीती असते?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातील दृष्टांत आपण अनेकदा ऐकला आहे. परदेशी जाताना धन्याने एका चाकराला पाच तालांत दिले, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. तिसऱ्याने आपला तालांत जमिनीत पुरून ठेवला. आपल्याला वाटते, बिचाऱ्याला एकच तर मिळाला होता! पण एक तालांत म्हणजे त्या काळच्या मजुराची सुमारे 20 वर्षांची मजुरी. केदारखेड्यात रोजाने शेतात जाणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्यालाही देवाने इतके दिले होते. आणि धन्याने जाब विचारला तेव्हा त्या चाकराने आपल्या नम्रतेचे नाव काढले नाही. आपण भ्यालो, असेच त्याने सांगितले.

पण आपल्याजवळ काय आहे हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला मूकपटांची आठवण झाली. जुने मूकपट आम्हाला मनापासून आवडतात. घरातली तरुण मुले हसतात. रंग नाही, आवाज नाही, यात पाहायचे काय, असे विचारतात. त्यांना आम्ही सांगतो की बोलणे काढून टाकल्यावर माणसात काय उरते, ते इथे दिसते. डोळे उरतात, हात उरतात, उठण्या-बसण्याची रीत उरते. 1928 साली संत जोन ऑफ आर्क हिच्या खटल्यावर एक मूकपट निघाला. त्यात त्या मुलीची श्रद्धा आणि तिची भीती आपल्याला केवळ तिच्या चेहऱ्यावर वाचता येते. चित्रपटाला 100 वर्षे झाली म्हणून 1995 साली व्हॅटिकनने 45 उत्तम चित्रपटांची यादी केली, त्या यादीत हा मूकपट आहे.

आपल्या महाराष्ट्रात मूकपटावरच्या अशाच एका प्रेमातून मोठी गोष्ट घडली, आणि तिची सुरुवात प्रभू येशूच्या चरित्रापासून झाली. 1911 साली ईस्टरच्या दिवसांत धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या एका तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. हे दृश्य पाहताना त्यांच्या मनात श्रीकृष्ण आणि श्रीराम यांची चित्रे उभी राहिली. आपल्या लोकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असे त्यांनी ठरविले. ते हिंदूच राहिले आणि त्यांनी पुराणकथांवर चित्रपट काढले. आपल्याला यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. प्रभूचे चरित्र पाहून एका माणसाला त्याच्या आयुष्याचे काम सापडले, याचा आपल्याला आनंदच वाटावा.

तेव्हा फाळक्यांना 41 वे वर्ष चालू होते. तोपर्यंत त्यांनी कितीतरी धंदे करून पाहिले होते. चित्रकला शिकले, गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, जादूचे प्रयोग केले. छापखाना उभारला आणि तोही भागीदारांशी न पटल्यामुळे सोडला. गावात असा माणूस असता तर लोक म्हणाले असते, “याचे कशातच मन लागत नाही.” पण चित्रपट करायला बसल्यावर यातले काहीच वाया गेले नव्हते असे दिसले. चित्रकला देखावे रंगवायला उपयोगी पडली, फोटोग्राफी कॅमेऱ्याला, आणि जादू पडद्यावरच्या चमत्कारांना. त्यांचे गुण आधीपासूनच त्यांच्याजवळ होते. त्यांना एकत्र आणील असे काम मात्र तोवर भेटले नव्हते.

1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुर कसा वाढतो ते पडद्यावर दाखविले. ते पाहून पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेले बी आठवते ना? शेतकरी झोपतो, उठतो आणि बी वाढत राहते. कसे वाढते ते त्याला कळतही नाही. आपण शेतकरी माणसे, आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या अंगचा गुणही असाच न दिसता वाढत असतो.

या कथेत आणखी दोघे जण आहेत, आणि आम्हाला ते जास्त जवळचे वाटतात. एक म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, फिल्म धुणे ही कामे त्या अंधारात बसून शिकल्या. कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्याच करीत. दुसरे अण्णा साळुंके. ते ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांची नजर त्यांच्या नाजूक हातांवर गेली. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लागला तो त्यांना राणीच्या रूपात घेऊन. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. आपल्यात नट आहे हे त्या स्वयंपाक्याला कोण सांगणार होते? दुसऱ्याने पाहिले, हाक मारली आणि त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही. आपला गुण बहुधा आपल्याआधी शेजाऱ्याला दिसतो. म्हणून धर्मग्राम लागते. एकट्याने आरशासमोर उभे राहून तो सापडत नाही.

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की आपल्या आवडीसाठी घरच्यांना झळ पोचविणे योग्य आहे काय? फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, पत्नीचे दागिने गहाण पडले. रात्रंदिवस चित्रपट पाहून त्यांची दृष्टीही काही काळ गेली. याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. कर्ज काढून हौस करणारे आणि बायकामुलांना उपाशी ठेवणारे आपण पाहिले आहेत. त्यांच्या हट्टाला देवाचे दान म्हणता येणार नाही. फरक ओळखण्याची एक खूण मात्र संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सापडते. आत्म्याची दाने सर्वांच्या हितासाठी दिलेली असतात. तेव्हा आपल्या आवडीमुळे घरातले, शेजारचे माणूस वाढते की खचते, हे पाहावे. सरस्वतीबाई त्या कामात स्वतः उतरल्या, त्यांचेही हात त्यात कुशल झाले. घरच्यांना न विचारता, न सांगता घेतलेल्या कर्जाची गोष्ट निराळी.

आणि पुढे 1931 साली बोलपट आला. मूकपटांचे दिवस संपले आणि फाळक्यांचेही. 1944 साली नाशिकला ते वारले तेव्हा त्यांचा जमाना केव्हाच मागे पडला होता. म्हणून त्यांना दिलेले दान खोटे ठरले काय? दृष्टांतातला धनी विश्वासूपणाचे कौतुक करतो. बाजारात भाव किती काळ टिकला, हे तो विचारीत नाही.

शेवटी संत योसेफाकडे पाहू या. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. तो उठतो, मरियेला घरी आणतो, रात्रीच बाळाला घेऊन मिसरला निघतो. त्याचे सारे जीवन एखाद्या मूकपटासारखे आहे. तेव्हा ज्यांना माईकपुढे बोलता येत नाही, त्यांनी आपल्याला काहीच दिलेले नाही असे समजू नये. आजाऱ्याजवळ शांत बसता येणे, भांडणाऱ्या भावांना एका ताटावर आणणे, चर्चचे आवार न सांगता झाडणे, हे तालांतच आहेत.

आज मिस्सेनंतर घरी जेवायला बसाल तेव्हा एक करा. स्वतःविषयी काही बोलू नका. समोरच्याला सांगा, “तुझ्यात मला हे दिसते.” सुनेने सासूला सांगावे, बापाने मुलाला सांगावे. आणि तुम्हाला कोणी सांगितले, तर ‘छे, माझ्यात कुठले!’ असे म्हणून तो तालांत पुन्हा मातीत पुरू नका.

प्रभू आपल्याला ती भीती टाकण्याचे धैर्य देवो. आमेन.