दारावरची पाटी

समुपदेशनासाठी येणाऱ्याला आधी एक अर्ज भरावा लागतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, पत्ता. कितीतरी वर्षं तो कागद मी न बघताच पुढे सरकवत आले. मग एक मुलगा आला. (ओळख पटू नये इतकं इथे बदललंय.) मराठवाड्यातून एमपीएससीसाठी पुण्यात आलेला, पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं आणि आडनावाच्या जागी आडवी रेघ मारली. मी काही विचारलं नाही. तेव्हा तो मला माझा समंजसपणा वाटला होता.

झोप लागत नाही, एवढीच तक्रार. मी झोपेचा तक्ता दिला, संध्याकाळी सहानंतर चहा बंद म्हणून सांगितलं. त्यानं दोन आठवडे तक्ता इमानेइतबारे भरला. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, रकाना रिकामा कसा सोडेल? झोप मात्र होती तिथेच. तक्त्यात एक नोंद रोज होती : 'रात्री ९.३०, खाली.'

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "खाली कशाला जातोस?"

"आईचा फोन असतो."

"मग खोलीत का नाही घेत?"

तो पंख्याकडे बघत राहिला. "फोन लागला की आई आधी जय भीम म्हणते, मॅडम. मोठ्यानं म्हणते. तिला हळू बोलताच येत नाही."

खोली घेताना मालकानं आडनाव विचारलं, तेव्हा त्यानं वडिलांचं नावच आडनाव म्हणून सांगितलं होतं. खोलीतल्या दोघांना अजून पत्ता नव्हता. पेटीच्या तळाशी बाबासाहेबांचा फोटो होता, वर पुस्तकं. भिंतीवर लावता येत नाही, आणि परत गावी न्यावा तर आईला काय सांगायचं? आणि मी त्याचा चहा बंद करत होते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नं उपचार घेताना जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग, अपंगत्व अशा कशावरूनही भेदभाव होऊ नये, असा हक्क दिलाय. मी कुठे भेदभाव केला होता? खुर्ची दिली, पाणी दिलं, वेळ दिला. कायद्यात चपखल बसणारी चूक होती ती.

कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करत होते. सुशिक्षित, बोलक्या मध्यमवर्गाच्या मापानं बेतलेल्या पद्धती तिथे चालेनात. मग त्यांनी पद्धतच बदलली आणि अख्ख्या घरालाच खोलीत बोलावलं. यावर मी कधीकाळी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, गुणही बरे पडले होते. आता आईला बोलावलं.

ती एसटीनं आली, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. "फोनवर लई हळू बोलायलाय, मला वाटलं घसा बसला का काय पोराचा. दोन महिने झाले, हळद-दूध पी म्हणून सांगायलेय."

माझा चहा आणि तिचं हळद-दूध. तो हसला, पहिल्यांदाच. मग अडखळत, चुलत्याची गोष्ट सांगावी तसं त्यानं खोलीचं सगळं सांगितलं. आई पिशवीची गाठ सोडत, पुन्हा बांधत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग मी नुसतं हॅलो म्हणू का?"

"नको," तो म्हणाला.

जाताना ती दारातल्या पाटीपाशी थांबली. एकेक अक्षर जुळवत तिनं माझं नाव मोठ्यानं वाचलं, आडनावासकट. मी आत उभी होते. आडनावाची रेघ मारण्याआधी त्यानंही ही पाटी वाचलीच असणार. मला कुणी घर देताना माझं आडनाव दुसऱ्यांदा विचारत नाही, हे त्याला अर्ज भरतानाच ठाऊक होतं.

अर्जातला तो रकाना मी काढून टाकला. ते सोपं होतं. पाटी आहे तिथेच आहे. आता पहिल्या भेटीत मीच विषय काढते : बाहेरचं नाव वाचलंत ना, त्यावरून मला काही विचारायचं असेल तर विचारा. बहुतेक जण घाईघाईनं "नाही नाही, तसं काही नाही" म्हणतात. परवा एकीनं मात्र विचारलं, "तुमच्या घरी आमच्यातलं कुणी जेवायला बसलंय का कधी?"

मला आठवावं लागलं.